कुमुदनं दार उघडलं नाही

१० जून, मंगळवार

माझ्या मुलानं, देवरामनं, एकलहऱ्याहून ही डायरी आणली ती संक्रांतीच्या आधी. विजेच्या कारखान्यात कोण्या कंत्राटदारानं वाटल्या म्हणे. आजपर्यंत तिच्यावर गरम पातेलं ठेवत होतो. आज सुमन म्हणाली, "आई, तुम्हाला मला जे जे बोलायचं असतं ते ह्याच्यात लिहीत जा. तुमचं मन मोकळं, माझे कान मोकळे." सून असून बरी बोलली. मी म्हटलं, माझी शाळा दुसरीपर्यंत. ती म्हणाली, वाचणार कोण आहे.

तेही खरंच.

तर लिहिते. नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याला आमचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, वाफाभर गुलाब. दुपारची जेवणं झाली की शेजारच्या मळ्यांतल्या साळू आणि गोजरा ओटीवर येतात. तिघी मिळून हार ओवतो. पहाटे त्या दोघी पाट्या घेऊन गंगेवर विकायला जातात. माझा गुडघा गेल्यापासून मी जात नाही. ओवताना एकच नियम, फुलाचा वास घ्यायचा नाही. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. सगळा जन्म फुलांत गेला, पण शेवंती नाकाला लावून कशी लागते ते मला माहीत नाही.

बातम्या संपल्या की रेडिओवर गोष्ट लागते, 'पायरीवरचा दिवा'. आणीबाणीच्या आधीपासून चालू आहे. कुमुद नावाची बाई आहे. तिचा नवरा श्रीधर बोटीवर नोकरीला गेला, तो आलाच नाही. तेव्हापासून ती रोज तिन्हीसांजेला पायरीवर दिवा लावते. दर दिवशी गोष्ट संपताना काडी ओढल्याचा आवाज येतो. तो आला की आम्ही तिघी सुई थांबवतो. आमच्याकडे पांढरं ऊन, पाटीतला झेंडू पेटल्यासारखा, कोंबड्या चिंचेखाली डोळे मिटून बसलेल्या. आणि तिच्याकडे तिन्हीसांजा. त्या वेळेला मी अर्धी झोपेत असते. कधी कधी मला अंधारल्यासारखंच वाटतं आणि मी सुमनला कंदील लाव म्हणते. ती हसते.

आज सुमनबद्दल काही लिहायचं राहिलं. भाजीत मीठ जास्त होतं.

१४ जून, शनिवार

आज साळू म्हणाली, "श्रीधर मेला असंल. एवढी वर्षं बोटीवर कोण राहतं?"

मी म्हटलं, "मेला नाही. कुठल्या तरी बंदरात दुसरी बाई ठेवून बसलाय. आवाज ऐकला होतास ना त्याचा पहिल्या पहिल्यांदा? तेल लावून बोलायचा."

"मावशी, तुम्हाला सगळेच पुरुष तेलकट वाटतात."

"सगळे नाही. काही कोरडे असतात, ते आणखी वाईट."

गोजरा मान खाली घालून ओवत होती. तिनं विचारलं, "पण समजा आला, तर कुमुदनं काय करायचं?"

"आधी येऊ तर दे," मी म्हटलं.

गोजराचा नवराही गेलेला आहे, पण त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध नाही. डायरीत जागा आहे म्हणून लिहिते. सावळीराम त्याचं नाव. मागच्या सिंहस्थात डोक्यावर हारांची पाटी घेऊन तपोवनात साधूंच्या आखाड्याकडे गेला, तो गेलाच. पाटी सापडली. कोणी म्हणालं त्र्यंबकच्या वाटेला साधूंच्या मागं चालताना दिसला, कोणी म्हणालं गंगेला पाणी चढलं होतं, त्यात गेला. माणूस कमी बोलायचा. हार मात्र त्याच्यासारखा कोणाचा नाही. डावरा होता, त्याची शेवटची गाठ उलटी बसायची. घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं, सावळीरामच्या हाराची गाठ दातानं सोडावी लागते.

गोजरा तेव्हा तरुण होती. पोर ना बाळ. रोज कुंकू लावते, पहाटे गजरा माळते आणि बाजाराला जाते. मी तिला चिडवते, गोजरीचा गजरा. ती हसत नाही.

२ जुलै, बुधवार

दुपारी गोष्ट चालू असताना सहादू आला. गोजराचा दीर. त्याला ऐन कुमुदच्या वेळेला यायचं सुचलं. मी बोटानं गप्प बस म्हटलं. बिचारा टोपी मांडीवर ठेवून काडी ओढेपर्यंत बसला.

मग म्हणाला, "वहिनी, ह्या सिंहस्थात बारा वर्षं पुरी होतात."

गोजरानं दोरा तोडला.

सहादूच्या मुलाचं लग्न जमत नाही. दोनदा सुपारी फुटायच्या वेळेला मोडलं. त्र्यंबकच्या कोण्या गुरुजींनी सांगितलं, घरातला माणूस हरवलाय, त्याचं क्रियाकर्म केलेलं नाही, तोवर घरात मांडव पडायचा नाही. बारा वर्षं वाट बघितली, आता पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्यालाच तो समजून जाळायचा, तेरावं घालायचं. पितृपक्षात करू म्हणाला. सहादू वाईट नाही. सांगताना त्याचे डोळे भरले. भाऊच तो.

"आणि माझं?" गोजरानं विचारलं.

सहादू टोपीकडं बघत बसला. पानांचा माणूस जाळल्यावर त्याच्या बायकोचं काय करतात ते त्यालाही माहीत, आम्हालाही माहीत. भावकीतल्या बायका येतात, कुंकू पुसतात, बांगड्या उतरवतात.

गोजरा म्हणाली, "भाऊजी, जरा थांबा. कुमुदचं काय होतंय ते बघू द्या. मग सांगते."

"कोण कुमुद?"

साळूला हसू आवरेना. मीच म्हटलं, "नात्यातली आहे लांबच्या. तिचंही असंच अडलंय."

"मग तिचं लवकर काय ते होऊ दे," असं म्हणून सहादू गेला. भला माणूस. पण गोजरानं आपला निकाल रेडिओवर टाकावा हे काही मला पटलं नाही. असल्या गोष्टी लिहिणारे पुरुष असतात, आणि त्यांना गोष्ट लांबवायची असते.

५ जुलै

दुपारी डोळा लागला. कुमुद ओटीवर येऊन बसली होती. पांढरी साडी, तोंड दिसत नव्हतं, आवाज मात्र तोच. तिनं पाटीतला झेंडू घेतला आणि ओवायला लागली. मी म्हटलं, बाई, तुझ्या गाठी सैल आहेत. ती म्हणाली, मला कोणी शिकवलंच नाही, मी फक्त दिवा लावते. जाग आली तेव्हा गोजरा तिथं बसली होती आणि गाठ घट्ट होती.

२२ जुलै, मंगळवार

गोष्टीत बोट बुडाल्याची बातमी आली. श्रीधर तीत होता की नव्हता ते कोणी सांगत नाही. कुमुदची सासू, माई म्हणतात तिला, ती म्हणाली, आता कुंकू पूस. काडी ओढल्याचा आवाज आला. आज एकदा ओढली ती विझली, परत ओढली.

आम्हाला भांडायला निमित्तच झालं.

साळू: "पुसावं. लोक काय म्हणतील. एवढ्या दिवसांचं पाप वाढवायचं."

मी: "कसलं पाप? कुंकवाला काय पाप लागतं?"

साळू: "नवरा मेलेला असताना कुंकू लावायचं म्हणजे..."

मी: "मेलाय हे माईला कोणी सांगितलं? माईला सून बोडकी करायची घाई झालीय. पहिल्यापासून बाईच तशी."

गोजरा: "मावशी, तुमचं पुसलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काय वाटायचंय. मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघीजणींनी धरलं, एकीनं पुसलं. बांगडीची काच मनगटात गेली, ही बघ खूण. सकाळी उठून गायीचं दूध काढलं. गाय कुठं कोणाची कपाळं बघते.

गोजरा माझ्या मनगटाकडं बघत बसली. तिचा हार तिथंच राहिला. मी तिला म्हटलं, हात चालव, उद्या सोमेश्वराच्या देवळाची मागणी आहे.

४ ऑगस्ट, सोमवार

रेडिओचे सेल उतरलेत. कुमुद सर्दी झाल्यासारखी बोलते. सुमन नवे आणा म्हणत नाही, मीही म्हणत नाही. सेल काढून ओटीच्या कठड्यावर उन्हात मांडले, पापड मांडतात तसे. दोन-तीन तास ऊन खाल्लं की त्यांच्यात पुन्हा जीव येतो. चार दिवस पावसानं ऊन नव्हतं, तेव्हा चुलीच्या कडेला ठेवले. सुमन म्हणाली, "आई, एक दिवस चुलीतच कुमुद पेटायची."

१९ ऑगस्ट, मंगळवार

गाव साधूंनी भरलं. देवराम म्हणतो, नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंत भगवं भगवं दिसतं. फुलांना मागणी इतकी की कळ्यासुद्धा तोडल्या. आमच्या बोटांना झेंडूचा रंग बसलाय, भाकरी पिवळी दिसते.

गोजरा पहाटे जाते ती दुपारी उशिरा येते. येते तेव्हा डोळे लांब कुठंतरी. साळू सांगते, प्रत्येक साधूला निरखून बघते ही. दाढ्यांकडं नाही, हातांकडं.

मी गोजराला म्हटलं, "काय शोधतेस?"

"काय नाय मावशी. गिऱ्हाईक बघते."

गिऱ्हाइकाच्या हातात पैसे असतात, तिथंच बघायला हवं. साळूला काहीही दिसतं.

गोष्टीत कुमुदनं अजून कुंकू पुसलेलं नाही. माई जेवत नाही. आता ह्या आठवड्यात निकाल लागतो म्हणतेय साळू. मी म्हटलं, लागला तर मी तुला साडी घेईन. मागं मी हेच बोलून हरले होते, तेव्हा तिला चोळीवर भागवलं होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

अमावास्येची पर्वणी. आज लिहिण्यासारखं आहे. गुडघा सुजलाय, पण हात बरा आहे.

मध्यरात्र उलटली तेव्हाच गोजरा, साळू आणि सुमनसुद्धा पाट्या घेऊन गेल्या. घरात मी एकटी. बैलांना पोळ्याची पोळी दिली, सेल उन्हात ठेवले, बसले. सगळं गाव गंगेवर. इतकं शांत की वाफ्यात भुंग्याचा आवाज घरात ऐकू यायचा. बातम्या कधी सुरू झाल्या, कधी संपल्या, कळलं नाही.

मग गोष्ट लागली. आणि श्रीधर आला.

पावलं वाजली, दाराची कडी वाजली, आणि तो तेलकट आवाज. "कुमुद." मी सुई टाकली. म्हटलं, आता ही काय म्हणते. एवढ्या वर्षांचा दिवा आहे, काही तरी म्हणेलच. ती काही म्हणाली नाही. तिनं पाणी आणलं आणि त्याचे पाय धुतले. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो म्हणाला, "जेवायला काय आहे?" ह्याच्यापुढं सतार वाजली. काडी ओढली नाही. आता दिव्याची गरज नाही म्हणे.

मी रेडिओ बंद केला. कशी आहेस विचारलं नाही. कुठं होतो सांगितलं नाही. जेवायला काय आहे.

ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिले. मला गोजराची चिंता नव्हती, मला त्या लिहिणाऱ्याचा राग आला होता. पण गोजरा येणार, आणि विचारणार. खरं सांगितलं तर ती म्हणेल, बघा, आला की नाही. आणि पुढच्या सिंहस्थापर्यंत साधूंचे हात बघत बसेल. श्रीधर मेला म्हणून सांगितलं तर ती उद्याच उठून कपाळ पुसून घेईल. दोन्ही मला नको होतं. का नको होतं ते विचारू नये. मला नको होतं.

तिघी तिन्हीसांजेला आल्या. पाट्या रिकाम्या. सुमन न्हाणीत गेली. गोजरा पायरीवर बसली आणि तिनं विचारलंच.

"मावशी, आज कुमुदचं काय झालं?"

मी म्हटलं, "श्रीधर आला."

साळू बोलायला गेली, "हो ना, आम्ही बी तिथं चहाच्या टपरीवर ऐक..." गोजरा म्हणाली, "साळे, माझी पाटी जरा उतरव." पाटी खालीच होती. साळू गप्प बसली. दमली होती बिचारी.

"मग?" गोजरा म्हणाली.

"मग काय. त्यानं कडी वाजवली. कुमुदनं दार उघडलं नाही."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं आणि पुढचं आपोआप येत गेलं.

"आतूनच म्हणाली, कोण पाहिजे? तो म्हणाला, मी श्रीधर. ती म्हणाली, बरं. तो म्हणाला, तू रोज माझ्यासाठी दिवा लावतेस ना? ती म्हणाली, तुमच्यासाठी कशाला? पायरी फुटकी आहे, अंधारात ठेच मला लागते. दिवा माझ्या पायांसाठी लावते."

आमचीच पायरी फुटकी आहे, सहा महिने देवरामला सांगतेय. तेच तोंडात होतं.

"मग तो गेला?"

"थोडा वेळ उभा राहिला. मग गेला."

"आणि दिवा?"

"लावला की. काडी ओढल्याचा आवाज आला नेहमीसारखा."

अंधार पडत होता, गावाकडून शंखांचा आणि माणसांचा एकच आवाज येत होता, लांब समुद्र असावा तसा. समुद्र मी बघितलेला नाही, रेडिओवर ऐकलाय. मग गोजरा म्हणाली, "बरं केलं कुमुदनं." आणि हसली. गोजराला मी हसताना बघितलं नव्हतं असं नाही, पण असं हसताना कधी नाही.

मग ती तिचंच काही सांगायला लागली. दुपारी एक साधू तिच्या पाटीपुढं आला म्हणे. राख फासलेला, वाळलेला. पैसे नाही दिले, तिनं मागितलेही नाहीत. हार घेतला, शेवटची गाठ बघितली, सोडली आणि परत बांधली. डाव्या हातानं. मग तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. म्हणाला, पाणी आहे का. तिनं तांब्या दिला. तो प्याला. तिथंच उभा राहिला.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पुढं चला बाबा, मागं गर्दी हाय."

"गेला?"

"थोडा वेळ उभा राहिला. मग गेला."

उन्हात दिवसभर उपाशी बसल्यावर माणसाला काहीही दिसतं आणि तेच तेच बोलतो. मी तिला गूळपाणी दिलं. साळू पदरात तोंड घालून बसली होती, तिलाही दिलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी उठल्यावर लक्षात आलं. आज दुपारी रेडिओ लागणार आणि श्रीधर घरात जेवताना सापडणार. खोटं बोलायला अक्कल लागत नाही, पुढं निभवायला लागते. मी सेल काढून हौदात टाकले. त्या दोघी आल्यावर म्हटलं, सेल गेले.

साळूच्या घरी विजेवरचा मोठा रेडिओ आहे, मला तीच धास्ती होती. पण ती आपण होऊन म्हणाली, "आमचा बी बिघडला, मावशी. कालच." नशीब चांगलं असलं की असं होतं. संध्याकाळी तिच्या घरावरून आले तेव्हा आतून शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकू येत होता. दुरुस्त झाला असेल, विचारायचं राहून गेलं.

मी त्यांना सांगितलं, कोपऱ्यावरच्या रेशन दुकानात रेडिओ असतो, मी तिथं जाऊन ऐकते आणि येऊन सांगते. गुडघा दुखतो तरी जाते.

"तुम्हीच सांगा मावशी," गोजरा म्हणाली. "तुमच्या तोंडून बरं लागतं."

१८ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस खरंच गेले रेशन दुकानात. श्रीधर आजारी पडलाय आणि कुमुद त्याचे पाय चेपतेय. माई खूश. मी तिथून उठले.

ओटीवर येऊन सांगितलं, कुमुदनं अंगणात शेवंती लावली. माईला आधी राग आला, मग तीच पाणी घालायला लागली. साळूनं विचारलं, कोणती शेवंती, पिवळी का पांढरी? मी म्हटलं, रेडिओवर रंग दिसतो का? ती म्हणाली, ते बी खरं. गोजरा म्हणाली, पांढरीच असंल.

आज दुकानापर्यंत गेलेच नाही. वाटेत उंबराखाली बसले, डोळे मिटले आणि ऐकलं. रेडिओ नव्हता, तरी ऐकू आलं. कुमुदचा आवाज आता बराच खणखणीत झालाय. सेल नवे असल्यासारखा.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल त्र्यंबकला पानांचा माणूस जाळला. गोजरा सहादूबरोबर गेली होती. येऊन म्हणाली, पळसाची पानं हिरवी होती, आधी धूर झाला, मग पेटली. माणसाएवढा होता, पण हलका. वाऱ्यानं त्याचा एक हात हलला. डावा.

आज सकाळी भावकीतल्या बायका तिच्या दारात बसल्या. ओले पंचे, हळदीचं पाणी, सगळी तयारी. मीही गेले, म्हटलं बघू. सहादू अंगणात कोपऱ्यात उभा. गोजरा कुंकू लावून बाहेर आली. नुसतं लावलं नव्हतं, रुपयाएवढं ठसठशीत. केसात गजरा.

एक म्हातारी म्हणाली, "अगं, आज तरी नाय लावायचं."

गोजरा म्हणाली, "त्यांचं सगळं केलं ना? मी अडवलं नाय. पानं गोळा करायला मीच गेले होते. आता माझं राहू द्या."

"नवरा नाय तर कुंकू कोणाच्या नावाचं?"

"नावाचं कुठं असतं? कपाळ माझं हाय. कोरं कपाळ घेऊन मला घाटावर अंधारल्यासारखं होतं. पायरी ज्याची त्यानं दिवा लावावा."

त्या बायकांना काही कळलं नाही. त्या सहादूकडं बघायला लागल्या. मग त्यानं मलाच विचारलं, "मावशी, त्या कुमुदबाईनं काय केलं शेवटी?"

मी म्हटलं, "लावते अजून."

"आणि तिच्या घरात काही वाईट झालं?"

"शेवंती चांगली आलीय."

सहादू टोपी घालत म्हणाला, "गुरुजींनी पानांच्या माणसाचं सांगितलं होतं, ते केलं. वहिनीच्या कपाळाचं काय सांगितलं नव्हतं." आणि त्या बायकांना म्हणाला, "चला, चहा घ्या." एक-दोघी पुटपुटत गेल्या. पाणी तसंच राहिलं, ते मी शेवंतीला घातलं.

घरी येताना माझ्या मनगटाची खूण खाजत होती. हवा बदलली की खाजते.

२० ऑक्टोबर, सोमवार

काल दसरा झाला. झेंडू संपला, मळा हिरवा उरलाय. आज ओवायला फारसं नव्हतं, तरी दोघी आल्या. सवय.

मी तोंड उघडलं आणि पुढं काही सुचेना. इतके दिवस कुमुद बोलत होती, आज गप्प. मी म्हटलं, आज दुकान बंद होतं, ऐकायला मिळालं नाही.

गोजरा म्हणाली, "मी ऐकलं. सांगू?"

"तू कुठं ऐकलंस?"

"ऐकलं कुठंतरी."

तिनं पाटीतलं शेवंतीचं एक फूल उचललं. ओवलं नाही. नाकाशी नेलं आणि डोळे मिटून वास घेतला, सावकाश. माझ्या देखत, साळूच्या देखत. मग ते केसात खोचलं. मी बोलणार होते, फूल वाया गेलं म्हणून. पण ऊन उतरत होतं, तिन्हीसांजेसारखंच वाटत होतं, आणि गोष्ट सुरू झाली होती.

"कुमुदच्या शेजारी एक म्हातारी राहायला आलीय," गोजरा म्हणाली.

"कशी आहे?" मी विचारलं.

"तोंडानं फार वाईट. सुनेला बोलती, मिठाला बोलती, रेडिओला बोलती."

साळू खाली बघून ओवत होती. तिचा हार कधीच संपला होता, ती नुसतीच सुई चालवत होती.

"मग कुमुद तिला दारात घेत नसेल."

"दारात काय, ती रोज दुपारी तिच्याच ओटीवर असती. तिच्यावाचून करमत नाय तिला. म्हातारी थापा मारती, कुमुदला माहीत हाय. तरी ऐकती."

मी म्हटलं, असलं पात्र गोष्टीत कशाला घालतात कोण जाणे. उगीच लांबवायची. ह्या म्हातारीचं पुढं काय होणार आहे?

"बघू की उद्या," गोजरा म्हणाली, आणि चूल पेटवायला मी ठेवलेली काडेपेटी घेऊन तिनं एक काडी ओढली.